पाला वैरणीत धरू नका, पेंडीत धरा

मंगळवेढा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलंय : दहा एकर रान, त्यातलं दोन एकर विहिरीवर भिजतं, बाकी कोरडवाहू. दोन संकरित गाई, पंधरा उस्मानाबादी शेळ्या. सरकी पेंडीचा भाव आवाक्याबाहेर गेलाय. ओढ्याकाठी सुबाभूळ माजली आहे आणि बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावायचा विचार आहे. तर पाल्यावर पेंड बंद करता येईल का? शेजारी म्हणतो, सुबाभळीने जनावराचे केस झडतात. वडील म्हणतात, बांधावर झाड नको, ज्वारी जाते.

आधी थोडक्यात सांगतो. गाईंची पेंड निम्म्याहून कमी करता येईल, बंद नाही. शेळ्यांची जवळजवळ बंद करता येईल. शेजाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, वडिलांचंही अर्धं खरं आहे. आता विस्ताराने.

तीस वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या गोठ्यांतून फिरतोय. पाल्याच्या बाबतीत दोन टोकाची माणसं भेटतात. एक जण डहाळे तोडून गव्हाणीत भरतो आणि कडब्याची पेंढी वाचवतो. दुसरा पाल्याला हातच लावत नाही, कारण कुणाची तरी शेळी मेली असं त्याने ऐकलेलं असतं. दोघांची चूक एकच, दोघंही पाल्याला वैरण समजतात. सुबाभूळ, गिरिपुष्प, शेवरी, हादगा या शेंगावर्गीय झाडांचा पाला वाळवून तपासला तर त्यात २० ते २५ टक्के प्रथिनं निघतात. सरकी पेंडीतही साधारण तेवढीच असतात. म्हणजे तुमच्या ओढ्याकाठी उभी आहे ती झाडावर लागलेली पेंड आहे. पेंडीने कुणी जनावराचं पोट भरत नाही, पाल्यानेही भरू नये. कडबा वाचवायला पाला टाकणारा माणूस पेंड खाऊ घालून धाटं वाचवत असतो.

आपल्याकडचा कडबा चांगला असतो, यात वाद नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेल्या मालदांडी ३५-१ या ज्वारीच्या वाणाचा कडबा जनावर धाटासकट खातं, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण कडबा कितीही गोड असला तरी त्यात प्रथिनं तीन-साडेतीन टक्केच. उसाच्या वाढ्यात थोडी जास्त, पाचेक टक्के. आणि गाय-म्हैस-शेळीच्या कोठीपोटातल्या (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) जिवाणूंना नीट काम करायला एकूण खाद्यात किमान सात टक्के प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की जिवाणूंची वाढ खुंटते, धाटं पोटात पडून राहतात, जनावर रवंथ करत बसतं आणि गव्हाणीतलं उरतं. मालक म्हणतो, ‘कडबा खाईना झालीय.’ खाणार कुठून, आधीचा पोटातून हललाच नाही!

सोलापुरात मागावरचं उदाहरण दिलं की लगेच कळतं. कडबा हा ताणा, म्हणजे उभे धागे. भरपूर आहे, लांबलचक आहे. पण बाणा, म्हणजे आडवा धागा, नसेल तर माग रिकामा खडखडतो, चादर निघत नाही. पाल्यातल्या प्रथिनांतलं नत्र हा बाणा. थोडाच लागतो, पण रोज लागतो. म्हणूनच गाईला आठवड्यातून एकदा भारा टाकून उपयोग नाही. रोजचा ठरलेला पाला, दोन वेळांत विभागून, कुट्टीत मिसळून द्यायचा.

आता तुमच्या गाईचा हिशेब मांडू. वजन ४०० किलो, दूध ८ लिटर, फॅट ४ धरतो. तिला स्वतःच्या शरीरासाठी दिवसाला साधारण ३२० ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि चार फॅटच्या दर लिटरमागे ९० ग्रॅम. म्हणजे दुधाचे ७२०, एकूण १,०४० ग्रॅम. पाच किलो कडबाकुट्टीतून तिला १६० ग्रॅम मिळतात. विहिरीवरचं दहा किलो कडवळ (चाऱ्याची हिरवी ज्वारी) टाकलंत तर त्यातून आणखी १७५. झाले ३३५. उरलेले ७०५ ग्रॅम आज तुम्ही पेंडीतून देताय. २२ टक्केवाली सरकी पेंड धरली तर सव्वातीन किलो होते, आणि खिसा तिथंच फाटतोय.

हिरव्या पाल्यात पाऊण हिस्सा पाणी असतं. आठ किलो हिरवा पाला म्हणजे दोन किलो कोरडा माल. त्याच्या २२ टक्क्यांनी ४४० ग्रॅम प्रथिनं. म्हणजे पेंड सव्वातीन किलोवरून सव्वा किलोवर आली. दर गाईमागे रोज दोन किलो पेंड वाचली. डोक्यात ठेवायला सोपं गणित सांगतो : चार किलो हिरवा पाला बरोबर एक किलो सरकी पेंड. वाळवलेला असेल तर एक किलोला जवळजवळ एक किलो.

पण हा हिशेब फक्त प्रथिनांचा झाला. सरकीत तेलाचा अंश असतो, ताकद असते, ती पाल्यात तेवढी नाही. म्हणून पाला सुरू केला की सोबत अर्धा ते एक किलो ज्वारीचा किंवा मक्याचा भरडा द्या. पाल्यातली प्रथिनं पोटात फुटून अमोनिया होतो, आणि तो पकडायला जिवाणूंना त्याच वेळी पिठूळ काहीतरी लागतं. नसेल तर अमोनिया रक्तात आणि तिथून लघवीत. गोठ्यात शिरल्यावर डोळे चुरचुरायला लागले की समजायचं, पेंड मुतावाटे चालली आहे. आणि एक ध्यानात घ्या, युरिया प्रक्रिया केलेला कडबा देत असाल तर त्यावर पुन्हा पाल्याची पूर्ण मात्रा नको. दोन्हीकडून नत्र झालं की फायदा शून्य, धोका दुप्पट.

शेळ्यांचं सोपं आहे. तीस किलोची उस्मानाबादी दिवसाला किलो-सव्वा किलो कोरडं खाणं खाते. तिला एक किलो हिरवा पाला दिला की ५५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं गेली. जगण्यापुरती गरज त्यात भागते. बाकी माळावर फिरून खाईल, संध्याकाळी कुट्टी. दुहेरी करडं पाजणारीला वर शे-दीडशे ग्रॅम धान्य द्या. उस्मानाबादीला जुळी होणं नवं नाही, त्यामुळे हे धान्य कंजुषी करण्यासारखं नाही.

आता शेजाऱ्याच्या केस झडण्याकडे येतो, कारण ती अफवा नाही.

सुबाभळीत मिमोसीन नावाचं द्रव्य असतं. कोवळ्या शेंड्यात जास्त, जून पाल्यात कमी. घोडा, गाढव, डुक्कर, ससा, कोंबडी यांना ते सरळ बाधतं. घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात बऱ्याचशा मिमोसीनचं रूपांतर दुसऱ्या एका द्रव्यात होतं, शास्त्रज्ञ त्याला डीएचपी म्हणतात. त्याने केस फारसे जात नाहीत, पण गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचं काम अडतं. गळा सुजतो, खाणं सुटतं, लाळ गळते, वजन उतरतं आणि गाभण असेल तर करडू मरतुकडं जन्मतं. आयोडीनयुक्त मीठ टाकलं की झालं, असं काही जण सांगतात. तसं होत नाही. डीएचपीने येणारा गलगंड आयोडीनने हटत नाही.

यातून सुटका कशी झाली ती गोष्ट मला फार आवडते. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर गुरं आजारी पडत होती आणि हवाई बेटांवर शेळ्या तोच पाला पोटभर खाऊन धडधाकट होत्या. रेमंड जोन्स नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला वाटलं, फरक झाडात नसून पोटात असला पाहिजे. त्यांनी १९८० च्या दशकात हवाईतल्या जनावरांच्या कोठीपोटातला रस ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात घातला आणि विषबाधा थांबली. डीएचपी फोडणारा तो जिवाणू पुढे वेगळा काढला आणि १९९२ मध्ये त्याला जोन्स यांचंच नाव दिलं : सिनर्जिस्टीस जोन्सी.

आपल्याकडे सुबाभूळ काही कालची नाही. मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेने उरुळीकांचनहून सत्तर-ऐंशीच्या दशकात तिचा मोठा प्रसार केला, त्यातलीच पिलावळ आज ओढ्याकाठी दिसते. आपल्या भागातल्या पुष्कळ जनावरांच्या पोटात हे जिवाणू असतात. पण सगळ्यांच्या पोटात असतातच असं नाही, आणि असले तरी पुरेसे असतात असंही नाही.

हे मी स्वतःच्या दारात शिकलो. २०१२-१३ चा दुष्काळ. जिल्ह्यात चारा छावण्या पडलेल्या, कडब्याला सोन्याचा भाव. मी घरी सहा शेळ्या पाळल्या होत्या, बाजारातून नव्याने आणलेल्या. पाझर तलावाखाली सुबाभूळ हिरवीगार होती. मी लोकांना एकूण खाण्यात सुबाभळीची तीस टक्क्यांची मर्यादा सांगत फिरायचो, आणि घरी रोज भाराच्या भारा टाकत होतो, कारण दुसरं काही नव्हतंच. पाचव्या आठवड्यात एका पाटीला (तरुण शेळीला) धरलं तर पाठीवरची केसांची बट हातातच आली. ओढली नव्हती, नुसती धरली होती. खालची कातडी गुळगुळीत, गुलाबी. दुसरीच्या हनुवटीखाली लिंबाएवढी गाठ. आमच्या घरात त्या आठवड्यात माझ्या तज्ज्ञपणाबद्दल जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. पाला पूर्ण बंद केला, मिळेल तो कडबा आणि वाढं सुरू केलं. पंधरा दिवसांत खाणं सुधारलं, केस यायला दीड-दोन महिने लागले. एक गाभण होती, तिचं करडू जगलं नाही.

तेव्हापासून माझे नियम कडक आहेत. एकूण कोरड्या खाण्याच्या तीस टक्क्यांपुढे सुबाभूळ जाऊ द्यायची नाही. वरच्या हिशेबातली आठ किलो म्हणजे गाईच्या खाण्याचा पाचवा हिस्साच झाला, शेळीची एक किलो पावहिश्श्याच्या आत. म्हणजे भरपूर वाव राखलाय. सुरुवात पाव मात्रेने करून तीन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर यायचं, तेवढ्यात जिवाणूंची संख्या वाढते. नवीन आणलेली शेळी जुन्या पाला खाणाऱ्या शेळ्यांत मोकळी सोडायची, एकाच भांड्यात पाणी प्यायला द्यायचं. हे जिवाणू तोंडातोंडी पसरतात. गाभण जनावराला शेवटच्या दोन महिन्यांत आणि पैदाशीच्या बोकडाला मात्रा निम्मी. वाळवल्याने मिमोसीन थोडं उतरतं, पण वाळतानाच त्यातल्या बऱ्याचशाचं डीएचपी होतं, म्हणून वाळवलेला पाला कितीही चालतो असं नाही. दुधाच्या गाईला हिरवी सुबाभूळ धार काढल्यानंतरच टाका, आधी टाकली तर दुधाला वास लागतो.

गिरिपुष्पाचं दुखणं वेगळं. मिमोसीन नाही, पण वास आहे. पाला चुरगाळून नाकाशी धरा, वाळल्या गवतासारखा गोडूस उग्र वास येतो, तो कूमारीनचा. पहिल्यांदा टाकला की शेळी जवळ येते, वरचा ओठ उचलते, शिंकरते आणि तुमच्याकडे असं बघते की आपणच लाजावं. लोक दोन दिवस बघतात आणि ‘शेळी खात नाही’ म्हणून सोडून देतात. याच झाडाला उंदीरमारी म्हणतात, त्याने भीतीत भर पडते. उंदराला बाधतं ते शेळीला बाधतंच असं नाही, तिचं पोट वेगळं. पाला संध्याकाळी कापून रात्रभर पसरून ठेवा, सकाळी सुकून वास कमी होतो. ढीग मात्र करू नका. ढिगाला वाफ धरून बुरशी आली तर त्याच कूमारीनपासून रक्त न गोठू देणारं द्रव्य तयार होतं. सुकलेल्या पाल्यावर गुळाचं किंवा मिठाचं पाणी शिंपडून, कळपातली सगळ्यात हावरट शेळी असेल तिच्यापुढे पहिल्यांदा टाका. बाकीच्या तिचं बघून खातात. करडांनी आईला खाताना पाहिलं की पुढच्या पिढीला शिकवावंच लागत नाही.

गिरिपुष्पाची खरी अडचण वेळेची आहे. थंडीत ते पान गाळतं आणि माघ-फाल्गुनात नुसत्या फुलांनी गुलाबी होतं. दिसायला सुरेख, पण चाऱ्याची ओढाताण सुरू होते नेमकी तेव्हा झाड रिकामं. उपाय एकच, ऑक्टोबर-नोव्हेंबरात छाटायचं. छाटलेलं झाड फुलावर न जाता पुन्हा पानावर येतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला थोडा तरी पाला देतं. सुबाभूळ तशी पानगळ करत नाही. म्हणून तुम्ही एकट्या गिरिपुष्पावर विसंबू नका, दोन्ही लावा.

शेवरी आणि हादगा तुमच्या भिजणाऱ्या दोन एकराच्या कडेला लावा. जुन्या पानमळ्यांतून वेलाच्या आधाराला शेवरी, हादगा, पांगारा लावायचे आणि तोच पाला दुभत्या म्हशीला जायचा. आपल्या पंढरपुरी म्हशी त्यावर पोसल्यात. यात मिमोसीन नाही, कूमारीन नाही, टॅनिन हे तुरट द्रव्यही अगदी कमी. जनावर पहिल्या दिवसापासून खातं. मात्र पोटात फार लवकर फुटतो, म्हणून भरडा सोबत हवाच. शेवरी तीन-चार वर्षांत म्हातारी होते, तेव्हा दरवर्षी थोडं बी टाकत राहायचं. आणि हादग्याला बुंध्यातून कापू नका, मरतो. मधला सोट राखून बाजूच्या फांद्या घ्यायच्या.

बाभूळ तुम्ही विचारली नाहीत, पण माळावर तीच जास्त आहे, म्हणून दोन शब्द. धनगर आकडीने बाभळीचे शेंडे ओढून मेंढरांपुढे टाकतो, त्याला कुणी पशुपोषण शिकवलेलं नसतं, पण तो एका झाडाखाली कळप दिवसभर थांबवत नाही, हे पाहिलंय का कधी? बाभळीच्या सालीने कातडी कमावतात. कमावतात म्हणजे काय, तर सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना असं घट्ट बांधतं की ते कुजत नाहीत. तेच टॅनिन पाल्यात आहे, आणि तेच पोटात पाल्याच्या प्रथिनांना बांधतं. थोडं असेल, कोरड्या खाण्याच्या दोन-चार टक्के, तर उपकारच. प्रथिनं कोठीपोटात वाया न जाता पुढे जाऊन पचतात. पाच-सहाच्या पुढे गेलं की खाणं कमी होतं आणि लेंड्या कडक पडतात. शेळी हे मेंढीपेक्षा जास्त सोसते, गाय सगळ्यात कमी. शेळ्यांना बाभळीचा पाला चौथा हिस्सा चालेल, गाईला नकोच. शेंगांचं सोनं मात्र सोडू नका. चैत्र-वैशाखात झडतात, दुसरं काही नसतं तेव्हा. गोळा करून कांडून द्या. अख्ख्या दिल्या तर बी लेंडीतून जसंच्या तसं बाहेर येतं आणि तुमच्याच रानात उगवतं. वेड्या बाभळीच्या गोड शेंगांचंही तसंच, भरडून आणि मापात. नुसत्या त्याच शेंगांवर महिनोन्‌महिने ठेवलेल्या जनावराचं पोट बसतं, जबडाही वाकडा होतो.

हिवर असेल तर सावध. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्याने किराळ लागते (विषबाधा होते) ते तुम्हाला माहीत आहे. हिवराच्या कोवळ्या पाल्यातही तीच सायनाइडची जात असते. उपाशी कळप सकाळी पहिल्यांदा हिवराखाली नेऊ नका. शेळी धापा टाकून पडली तर घरगुती काढे करत बसू नका, डॉक्टरला फोन करा. इंजेक्शन आहे, पण वेळ मिनिटांचा असतो.

यापेक्षा मोठा धोका मला आपल्या जिल्ह्यात दुसराच दिसतो, आणि तो कुठल्या झाडात नाही. तो डाळिंबाच्या बागेत आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा पट्ट्यात बांधाला बांध लावून बागा आहेत आणि बहार धरला की फवारणीला खंड नसतो. वाऱ्याने औषध पलीकडच्या बांधावरच्या झाडांवर बसतं. डाळिंबाच्या तेलकट डाग रोगावर मारलेलं तांब्याचं औषध पानावर निळसर दिसतं तरी. कीटकनाशक दिसतही नाही. मेंढीला तर तांबं मुळातच सोसत नाही. दोन वर्षांपूर्वी एका गावात चार शेळ्या लाळ गाळत, थरथरत पडल्या. मालक म्हणे सुबाभूळ लागली. मी विचारलं, पाला आणला कुठून? बागेच्या कुंपणावरून. फवारा कधी मारला? काल. मिमोसीनला असं काम एका दिवसात जमत नाही, त्याला आठवडे लागतात. चारातल्या दोन वाचल्या. तुमच्या शेजारी बाग असेल तर त्या बाजूचा बांध पाल्यासाठी धरूच नका, तिथे गिरिपुष्प लावून पाला खत म्हणून रानात टाका.

झाडं किती लागतील? दोन गाईंना सोळा आणि शेळ्यांना पंधरा, म्हणजे रोज तीस किलो. पावसाळ्यात बांधाला गवत असतं, म्हणून आठ महिने धरू : सव्वासात हजार किलो. कोरडवाहू मुरमाड बांधावरचं झाड एका छाटणीला दोन-अडीच किलो पाला देतं आणि वर्षात तीन छाटण्या होतात, असा माझा ठोकताळा. म्हणजे हजार झाडं. दहा एकर चौकोनी रानाचा बांध आठशे मीटर भरतो. मीटरला एक झाड धरलं तरी आठशे, बाकीची दोनशे ओढ्याकाठी आधीच उभी आहेत तुमच्या. तेव्हा हे स्वप्नरंजन नाही. पहिलं वर्ष मात्र पाल्याची आशा धरू नका. झाड छातीइतकं होऊन बुंधा अंगठ्यापेक्षा जाड झाल्यावरच पहिली छाटणी, जमिनीपासून मीटरभर ठेवून.

यातला दोन छाटण्यांचा पाला पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी येतो, तो वाळवायचा. सुबाभळीची पानं वाळताना देठापासून सुटतात, रानात वाळवलीत तर सगळी मातीत. ताडपत्री सावलीत अंथरून डहाळे पसरा, दोन-तीन दिवसांनी झटका, काड्या चुलीला आणि खाली उरलेला चुरा पोत्यात. मूठ आवळल्यावर कुरकुर वाजला पाहिजे. उन्हात वाळवलेला पिवळा पडतो, त्यातलं अ जीवनसत्त्वाचं मूळ उडतं. आणि उन्हाळ्यात कडब्यावरच्या जनावराला तेच कमी पडत असतं. हा चुरा आंबोणात सरकीच्या जागी मापाने घालता येतो, शेळीला पाव किलो, गाईला दोन किलो.

बी पेरणार असाल तर सुबाभळीच्या बियांवर कडक कवच असतं. पाणी उकळी येण्याआधी उतरवा, त्यात बी तीन-चार मिनिटं ठेवा, मग रात्रभर गार पाण्यात. सरळ उकळत ठेवलं तर उगवणारच नाही. गिरिपुष्प बियांपेक्षा फाट्यांनी लवकर येतं : मनगटापेक्षा बारीक, कमरेइतक्या फाट्या, मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर. सुबाभळीवर मावासारखी बारीक उडी कीड येऊन शेंडे वाळले तर औषध मारू नका, छाटा. आणि शेंगा पिकू देऊ नका, नाहीतर पाच वर्षांत तुम्हीच ती उपटत बसाल.

राहिले वडील. त्यांची भीती बरोबर आहे. सुबाभूळ मोठी होऊ दिली तर सावली आणि मुळं मिळून कडेच्या दोन-तीन ओळींतली ज्वारी बसते, हलक्या रानात तर नक्की. पण झाड मोठं होऊच द्यायचं नाही. रब्बी पेरणीच्या आधी, सप्टेंबरात, मीटरभरावर छाटलं की हंगामाच्या सुरुवातीला सावली नाही, आणि तोच पाला वाळवणीला. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने गिरिपुष्पाचा पाला रब्बी ज्वारीला हिरवळीचं खत म्हणून किती वर्षं शिफारस केलाय, ते त्यांनाही माहीत असेल. जनावराला नको झालेला पाला रानात गेला तरी नत्र घरातच राहतं. पूर्व-पश्चिम बांधापासून सुरुवात करा, त्याची सावली कमी पडते. आणि सामाईक बांधावर लावायचं असेल तर रोप खड्ड्यात ठेवण्याआधी पलीकडच्याला बोलवा, निम्मा पाला त्याचा म्हणून सांगा. केस झडण्याची बातमी ज्याने दिली तोच तो शेजारी असेल, तर त्याच्या दोन शेळ्या पहिल्या महिन्यात तुमच्या शेळ्यांत चरायला सोडा म्हणावं.